जवळ की लांब?

परवा आईशी फोनवर बोलताना बँकॉकचा विषय निघाला आणि तिचा हात नक्की गुडघ्यावर गेला असणार. (दिसत नाही, पण मला कळतं.)

2007 साली आम्ही दोघी तिथे गेलो होतो. वाट फो या देवळाकडे जाताना एका फळंवाल्या बाईंना मी पाठ केलेलं वाक्य विचारलं, "क्लाय मय?" म्हणजे, जवळ आहे का? त्या हसून म्हणाल्या, "क्लाय." झालं! भर उन्हात आईला तासभर चालवलं. पुढे कळलं, 'क्लाय' पडत्या सुरात म्हणजे जवळ आणि सपाट सुरात म्हणजे लांब. मी सपाट विचारलं होतं. त्यांनी खरंच उत्तर दिलं होतं.

थाई भाषेत असे पाच सूर आहेत: सपाट, खालचा, पडता, वरचा आणि चढता. आपल्याकडे सुरानं राग कळतो, लाड कळतो, पण शब्द तोच राहतो. तिथे 'मा' सपाट म्हटलं तर 'येणे', वरच्या सुरात घोडा आणि चढत्या सुरात चक्क कुत्रा.

हे आलं कुठून ते शोधताना मजा आली. थाई मुळाक्षरं आपल्यासारखीच क, ख, ग अशी सुरू होतात, कारण ती लिपी ख्मेरमार्गे आपल्या दक्षिणेतल्या लिप्यांतून गेली. पण त्यांच्या 'ग'चा उच्चार आज 'ख' होतो. गुरूचा 'ख्रू' झाला, नगराचं 'नखॉन', सुवर्णभूमीचं 'सुवन्नफूम'. जुन्या थाईत ग, द, ब हे घोष वर्ण होते आणि सूर तीनच. घोष वर्णानं सुरू होणारा शब्द जरा खालच्या पट्टीत निघायचा. काही शतकांपूर्वी घोष गेला, पट्टी तेवढी मागे राहिली आणि सूर वाढले. लिहिताना मात्र अक्षर जुनंच. 'ख'नं लिहिलेला 'खा' चढत्या सुरात, म्हणजे पाय. 'ग'नं लिहिलेला 'खा' सपाट, म्हणजे अडकणे.

राजपुत्र मोंगकुट यांना 1833 मध्ये सापडलेल्या शिलालेखात (त्यावर साल 1292 चं, खरेपणाबद्दल वाद आहेत) सुराच्या खुणा दोनच दिसतात. आज चार आहेत आणि त्यांची नावं एक, थो, त्री, चत्तवा! यातला 'थो' अजूनही 'द'च्या अक्षरानं लिहितात.

आपली जीभ अगदीच नापास नाही हं. 'काय' म्हणजे कोंबडी, 'खाय' म्हणजे अंडं, सूर एकच. इंग्रजी बोलणारे इथे हमखास अडखळतात, आपण नाही. पण जवळ-लांब? या दोन शब्दांतल्या 'आय'ची चिन्हंही लिहिताना वेगळी आहेत, कारण एके काळी ते स्वरच वेगळे होते. ते एक झाले आणि फरक दाखवायला नुसता सूर उरला.

हे सगळं मी आईला उत्साहानं सांगितलं. ती म्हणाली, "अगं, पण त्या बाई हात लांब करून दाखवत होत्या की. तू बघितलंस कुठे?"