भाड्याच्या घराची पाटी

घर रिकामें झालें, भाडेकरी हवा, म्हणून दारावर पाटी लावावी, ही चाल आपणांस अगदीं अलीकडची वाटते. परंतु इसवी सन ७९ मध्यें व्हेसूव्हियस पर्वताच्या राखेखालीं गाडल्या गेलेल्या पाँपेई शहराच्या भिंतींवर असल्या दोन पाट्यांचा मजकूर सांपडला आहे. तो भिंतीवरच रंगानें लिहिलेला होता.

पहिली पाटी ग्नेयस अलेयस निगिडियस मायस या धनाढ्य गृहस्थाची. येत्या १ जुलैपासून माडीसह दुकानें, वरच्या मजल्यावरील उंची खोल्या व एक घर भाड्यानें देणें आहे. घेणारानें मालकाचा गुलाम प्रीमस यास भेटावें, एवढाच तिचा आशय. १ जुलै ही तारीख सहज पडलेली नाहीं. रोम शहरांत भाडेकरार याच दिवसापासून धरण्याची रीत होती. दुसरी पाटी ज्युलिया फेलिक्स या स्त्रीची. तिनें स्वतःच्या नांवानें स्नानगृह, दुकानें व वरच्या खोल्या १३ ऑगस्टपासून सलग पांच वर्षांच्या मुदतीनें देऊं केल्या होत्या.

भाड्याचा आंकडा दोन्ही पाट्यांत नाहीं. पण भाडेकरी कोणत्या प्रतीचा असावा, याविषयीं दोघेही मालक मौन पाळीत नाहींत. निगिडियसच्या खोल्यांस रोमन अश्वारोही वर्गास साजेशा असें विशेषण लाविलें आहे. ज्युलियाचें स्नानगृह प्रतिष्ठितांकरितां आहे, असा अर्थ विद्वान करितात. आणि या प्रतिष्ठेचा सौदा ठरविण्यास ज्याच्याकडे जावयाचें, तो स्वतः मात्र गुलाम! पाटी घराची बातमी देते, तशी ती माणसांची निवडही करिते, हें यावरून ध्यानांत येईल.

या निवडीस कायद्यानें हात घातला तो पुष्कळ शतकांनंतर. अमेरिकेंत घरापुढील हिरवळीवर भाड्याची पाटी रोवण्याची चाल आहे. तेथील १९६८ च्या घरविषयक कायद्यानें वंश, वर्ण, धर्म वा मूळ देश पाहून पसंती-नापसंती दर्शविणारी जाहिरात बेकायदेशीर ठरविली. १९७४ मध्यें स्त्री-पुरुष भेदाची व १९८८ मध्यें अपंगत्वाची आणि पदरीं मुलें असण्याची त्यांत भर पडली. यांतील एक कलम विचार करण्यासारखें आहे. चारपर्यंत बिऱ्हाडांच्या इमारतींत स्वतः राहणाऱ्या लहान मालकास या कायद्याच्या इतर बंधनांतून बहुतेक सूट आहे. जाहिरातीच्या बंधनांतून नाहीं. म्हणजे मनांतील अढी हा कायदा एक वेळ सहन करितो, पण ती रस्त्यावर लिहून लावणें सहन करीत नाहीं.

हें ढोंगास उत्तेजन आहे, असें कोणी म्हणेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. पाटीवरचा नकार एकट्या मालकाचा राहत नाहीं. येणारा-जाणारा तो वाचतो, शाळेंत जाणारीं मुलें तो वाचतात, आणि हळूहळू एकाची अढी ही गांवाची रीत होऊन बसते. प्रीमसचें नांव भिंतीवर रंगवितांना लिहिणाराचा हात अडखळला नसावा, कारण गुलामगिरी ही त्या शहराची रीतच होती. आपल्या दारावरील पाटी पुढील पिढ्यांनीं वाचली, तर त्यांस आपणांविषयीं काय समजेल, हा विचार पाटी रंगविण्यापूर्वींच केलेला बरा.