अमेरिकन स्वातंत्र्ययुद्ध व वसईची मोहीम

उत्तर अमेरिकेतील तेरा ब्रिटिश वसाहतींचे स्वातंत्र्ययुद्ध (१७७५–८३) आणि पहिले इंग्रज-मराठे युद्ध (१७७५–८२) ही समकालीन होत. पहिल्यातून अमेरिकेची संयुक्त संस्थाने हे राष्ट्र उदयास आले. दुसऱ्याच्या मुळाशी पेशवाईतील गृहकलहाबरोबरच साष्टी व वसई यांविषयीची मुंबईकर इंग्रजांची लालसा होती. चिमाजी आप्पाने १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून जिंकलेला हा मुलूख मुंबई बेटाच्या अगदी निकटचा होता. डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला व मार्च १७७५ मध्ये सुरतेच्या तहाने रघुनाथरावाकडून वसईही लिहून घेतली. १ मार्च १७७६ रोजीच्या पुरंदरच्या तहाने सुरतेचा तह रद्द ठरला. त्यानंतर चारच महिन्यांनी अमेरिकन वसाहतींनी स्वातंत्र्याचा जाहीरनामा संमत केला.

या दोन युद्धांना जोडणारा दुवा म्हणजे फ्रान्स. १७७७ मध्ये सेंट ल्यूबँ हा फ्रेंच प्रतिनिधी पुण्यास आला. त्याच्या आश्वासनांत फारसे तथ्य नव्हते. परंतु नाना फडणीसाने त्याचा केलेला सत्कार मुंबईकरांस धास्तावण्यास पुरेसा होता. त्याच वर्षी साराटोगा येथे ब्रिटिश सेना शरण गेली आणि फेब्रुवारी १७७८ मध्ये फ्रान्सने वसाहतींशी तह केला. पश्चिमेकडील हानी पूर्वेकडे भरून काढावी, अशी भूमिका वॉरन हेस्टिंग्जने या वार्तेनंतर घेतली. बंगालमधून खुष्कीच्या मार्गाने निघालेली फौज गॉडर्डच्या नेतृत्वाखाली १७७९ च्या प्रारंभी सुरतेस पोहोचली. तत्पूर्वीच वडगाव येथे मुंबईकरांची नामुष्की झाली होती.

नोव्हेंबर १७८० मध्ये गॉडर्डने वसईस वेढा घातला. वसईच्या पूर्वेस चिंचोटी, कामण ही गावे व तुंगारेश्वराचे डोंगर असून त्यांपलीकडे भिवंडीचा मुलूख लागतो. याच बाजूने येणारी मराठ्यांची कुमक रोखण्यासाठी हार्टली तळ देऊन होता. डिसेंबरात दुगाड येथील लढाईत मराठ्यांचा सेनानी रामचंद्र गणेश धारातीर्थी पडला व वसईही इंग्रजांच्या हाती गेली.

तथापि बोरघाटातून पुण्यावर चालून जाण्याचा गॉडर्डचा बेत १७८१ मध्ये फसला. त्याच वर्षी ऑक्टोबरात यॉर्कटाउन येथे कॉर्नवॉलिस शरण गेला. सालबाईच्या तहाने (१७ मे १७८२) वसई मराठ्यांस परत मिळाली. साष्टी मात्र इंग्रजांकडेच राहिली. वसई अमेरिकनांच्या विजयामुळे सुटली असे म्हणणे अतिशयोक्त ठरेल. कर्नाटकात हैदर अलीने दिलेले तडाखे व महादजी शिंदे याची मध्यस्थी ही तहाची निकटची कारणे होत. पण अनेक खंडांत एकाच वेळी लढणाऱ्या ब्रिटनजवळ हिंदुस्थानासाठी सैन्य व पैसा तुटपुंजा होता, हेही तितकेच खरे.

अमेरिकन राज्यांचा १७८१ मधील संघही दुबळाच होता. तो १७८७ च्या संविधानाने सुदृढ करण्यात आला. मराठा सरदारांना बांधणारा असा लेखी करार झाला नाही. नाना व महादजी यांच्या पश्चात शिंदे-होळकरांचे वैर विकोपास गेले आणि यशवंतराव होळकराकडून पराभूत झालेल्या दुसऱ्या बाजीरावाने ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसई येथेच तैनाती फौज व तिच्या खर्चासाठी २६ लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख देण्याची अट मान्य केली.