‘अ‍ॅनॉय’: वैतागाचा शब्द आणि तीन वर्षांचा तुरुंग

‘उगाच अ‍ॅनॉय करू नकोस’ हे वाक्य आता मराठी घरांतही सर्रास ऐकू येते. तेथे त्याचा अर्थ डोके खाणे, वैताग आणणे एवढाच. शब्दाचे मूळ मात्र बरेच कडवट आहे.

लॅटिनमध्ये ‘इन ओडिओ’ म्हणजे तिरस्काराचा विषय. त्यातून जुने फ्रेंच क्रियापद घडले आणि तेराव्या शतकाच्या सुमारास ते इंग्रजीत आले. (कंटाळा या अर्थाचा फ्रेंच शब्द ‘आंन्वी’ हा त्याचाच भाऊबंद.) मध्ययुगीन इंग्रजीत तो इजा करणे, पीडा देणे या अर्थानेही वापरला जाई. पुढे त्याची धार बोथट झाली. इजा गेली, चीड उरली.

कायद्याने मात्र हा शब्द जपून ठेवला. 1860 च्या भारतीय दंड संहितेतील कलम 268 मध्ये सार्वजनिक उपद्रवाची व्याख्या करताना इजा, धोका आणि ‘अ‍ॅनॉयन्स’ एकाच पंगतीत बसवले गेले. त्यात एक शहाणपण होते: त्रास सर्व लोकांना किंवा आसपास राहणाऱ्यांना व्हायला हवा. एकट्यादुकट्याची चीड पुरेशी नव्हती. इतरत्र शिक्षा सांगितली नसेल, तर कलम 290 नुसार दंड जास्तीत जास्त 200 रुपये.

माहिती तंत्रज्ञान कायद्यात 2008 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 66अ ने ही मर्यादाच काढून टाकली. ‘अ‍ॅनॉयन्स’च्या हेतूने पाठवलेला ई-मेल वा संदेशही गुन्हा ठरला. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद! नोव्हेंबर 2012 मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी फेसबुकवर लिहिणारी पालघरची एक तरुणी आणि ती नोंद ‘लाईक’ करणारी तिची मैत्रीण, दोघींना अटक झाली. लावलेल्या कलमांत 66अ होते.

त्यानंतर श्रेया सिंघल या विद्यार्थिनीने सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. 24 मार्च 2015 रोजी न्यायालयाने 66अ घटनाबाह्य ठरवले. एकाला ज्याची चीड येते त्याची दुसऱ्याला येईलच असे नाही. मग गुन्ह्याची रेषा आखायची कोठे, हा न्यायालयाच्या युक्तिवादाचा एक गाभा होता.

कलम 268 मधला शब्द मात्र टिकला. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 270 मध्ये तो तसाच आहे. दंड तेवढा 200 वरून 1000 रुपयांवर गेला.