सिंडोळा, मढीमहाल, रडतोंडी

महाबळेश्वरी उतरलेला प्रवासी पहाटेच्या अंधारात अंगावर शाल घेऊन सूर्योदयासाठी ज्या सुमारे ४,७०० फूट उंचीच्या माथ्यावर जाऊन उभा राहतो, त्यास आज विल्सन पॉइंट म्हणतात. आणि १९२३ पासून १९२८ पर्यंत मुंबई इलाख्याचे गव्हर्नर असलेल्या सर लेस्ली विल्सन यांच्यावरून ते नाव पडले असल्यामुळे त्याचे वय एका माणसाच्या आयुष्याहून फारसे अधिक नाही. त्यापूर्वी हा माथा सिंडोळा या नावाने ओळखला जात असे. केट्स पॉइंट ही पूर्वीची नाकेखिंड होय, आणि ऑर्थर सीट म्हणजे मढीमहाल. ही जुनी नावे मी प्रथम ऐकली तेव्हापासून त्या कड्यांवर मला निव्वळ देखावा पाहत उभे राहणे जमलेले नाही. कारण ज्या जागेला नाव असते तेथे कोणाचा तरी वावर असतो, आणि तो कोणाचा होता, हा प्रश्न पुढील दरीइतकाच खोल वाटू लागतो.

साहेब येण्यापूर्वी या पठारावर येणारा मोठा समुदाय यात्रेकरूंचा होता, आणि त्याचे लक्ष दरीकडे नसून पाण्याकडे होते. कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री व सावित्री यांचा उगम जेथे एका छपराखाली गोमुखातून वाहताना दाखवितात, त्या पंचगंगेच्या मंदिरात स्नान करावे, महाबळेश्वराचे दर्शन घ्यावे आणि दिवस मावळण्यापूर्वी घाट उतरावा, असा त्याचा परिपाठ असे. १६६५ च्या आरंभी शिवाजी महाराजांनी जिजाऊसाहेबांची सुवर्णतुला येथेच केली, ती या क्षेत्राच्या माहात्म्यामुळे. भोवतीचे अरण्य व कडे यात्रेकरूंच्या दृष्टीने वाटेतील संकटच होते, आणि देवदर्शनाची योग्यता अंगी यावी म्हणून ते सोसावयाचे असे.

कड्यांचा खरा परिचय दुसऱ्याच लोकांना होता. जावळीच्या मोऱ्यांचा अंमल होता तेव्हापासून, आणि १६५६ मध्ये जावळी घेऊन महाराजांनी प्रतापगड उठविल्यावर तर अधिकच, पारघाटावर नजर ठेवणे हे या मुलखातील राज्यकारभाराचे एक मुख्य अंग झाले होते. कारण कोकणच्या बंदरांतून देशावर येणारा व्यापारी माल आणि देशावरून कोकणात उतरणारे सैन्य या दोहोंनाही वाटा मोजक्याच होत्या. घाटाच्या तोंडाशी चौकी बसे आणि जकातीचा हिशेब होई. गडाच्या घेऱ्यात मेटे, म्हणजे पहाऱ्याच्या चौक्या, असत, आणि मेटकऱ्याने रात्रंदिवस जागे राहावे म्हणून त्यास वतन किंवा धान्य तोडून दिलेले असे. आज जेथे आपण चणे खात क्षितिजाकडे पाहतो, तेथून असा मनुष्यही पाहतच होता. मात्र धुराची रेघ, पाखरांचा अकस्मात उठलेला थवा, बैलांच्या खुरांची धूळ, यांपैकी काहीएक त्याच्या नजरेतून सुटून चालण्यासारखे नव्हते. याच पठारावर धावड नावाचे लोक होते. ते जांभ्यातील लोहयुक्त दगड कोळशाच्या भट्टीत गाळून लोखंड काढीत. पुढे सरकारने जंगलाचा बंदोबस्त केला, विलायती लोखंड स्वस्त झाले, आणि त्या भट्ट्या विझल्या.

पारगावाकडे उतरणाऱ्या जुन्या घाटवाटेस रडतोंडी म्हणतात. चढणाऱ्याचे तोंड रडवे करणारी वाट, हा त्या नावाचा अर्थ ज्याने ती चढली आहे त्यास समजावून सांगावा लागत नाही. वाईहून निघालेला अफझलखानाचा लष्करी लवाजमा १६५९ मध्ये याच वाटेने पारगावी उतरल्याचे सांगतात. इंग्रजांच्या कागदांत हीच रडतोंडी ‘रोटुंडा’ झाली! लमाणांच्या बैलांनी आणि ओझेकऱ्यांनी पिढ्यान्पिढ्या आपल्या घामाने ज्या शब्दाची प्रचिती घेतली, तो शब्द एका वर्तुळाकार इमारतीचे नाव होऊन बसला, आणि त्यातील सारा शीण नाहीसा झाला. पुढे १८७६ मध्ये फिट्झजेराल्ड घाटाचा गाडीरस्ता खुला झाल्यावर त्या वाटेवरची वर्दळही ओसरली.

१८२४ मध्ये साताऱ्यास असलेल्या लॉडविक नामक लष्करी अधिकाऱ्याने हे पठार चढून पाहिले आणि येथील हवेची कीर्ती आपल्या देशबांधवांत पसरविली. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांनी रेसिडेंट ब्रिग्जच्या सूचनेवरून वर येण्यासाठी रस्ता बांधून दिला. १८२८ मध्ये गव्हर्नर सर जॉन माल्कम येथे आले, आणि पुढच्याच वर्षी तहान्वये महाराजांनी ही जागा कंपनी सरकारच्या हवाली करून तिच्या मोबदल्यात वाईकडील खंडाळा गाव घेतले. नव्या वसाहतीस माल्कमपेठ नाव पडले. वसाहतीचा पहिला हेतू सौंदर्यदर्शनाचा नव्हताच. आजारी गोऱ्या शिपायांना व अधिकाऱ्यांना बरे करण्यासाठी ती होती, आणि औषध म्हणजे थंड हवेत सकाळ-संध्याकाळ घोड्यावरून किंवा पायी केलेला फेरफटका. पठारावर फेरफटका मारणारा मनुष्य कोणत्याही दिशेने निघाला तरी अखेर कड्यापाशीच थांबतो. तेथे त्याच्यासाठी जांभ्याचा कट्टा बांधला गेला, कट्ट्याला नाव आले, आणि ‘पॉइंट’ हा शब्द मराठीत रुळला. माझ्या मते या स्थळांची उत्पत्ती इतकी साधी आहे. त्या वाटा खोदणारे हात मजुरांचे होते. येथील तुरुंगात चीन-मलायाकडून आणलेले बंदिवानही होते, आणि त्यांनी येथे भाजीपाल्याचे मळे पिकविले.

कडे मात्र कोणी खोदले नाहीत. माथ्यावर सच्छिद्र जांभ्याची टोपी, तीत वर्षाकाठी दोनशे इंचांहून अधिक पडणारा पाऊस मुरतो आणि झऱ्यांच्या रूपाने बारमाही पाझरतो. तिच्या खाली काळ्या पाषाणाचे थरावर थर, आणि पश्चिमेस कोकणची ती भयानक उतरण. हे दृश्य पाहण्याची, नुसती पाहण्याची, रिकाम्या हाताने दरीसमोर उभे राहण्याची जी रीत साहेबाने आणली, ती मी तुच्छ मानीत नाही. मेटकऱ्याला जे सुख घेण्याची सवड नव्हती आणि यात्रेकरूला जे घेण्याचे भान नव्हते, ते आज कोणाही शाळकरी मुलास तेथे मिळते, ही थोडी गोष्ट नव्हे.

परंतु नावांचे मला फार लागते. एका कड्यास माल्कमच्या मुलीचे नाव आहे आणि दुसऱ्यास सर जेम्स कार्नाकचे. हे कार्नाक १८३९ मध्ये गव्हर्नर झाले आणि त्याच वर्षी प्रतापसिंह महाराजांना पदच्युत करून काशीस पाठविण्यात आले. महाराज १८४७ मध्ये तेथेच वारले. ज्यांच्या रस्त्याने ही सारी नावे वर चढली, त्यांच्या नावाचा कडा माझ्या पाहण्यात एकही नाही. त्यांच्यामागून गादीवर आलेल्या आप्पासाहेब महाराजांनी १८४२ मध्ये वेण्णेस बांध घालून तळे केले, आणि लोक त्या तळ्यालाही वेण्णेच्याच नावाने ओळखतात.

मढीमहालावर सर्वप्रथम घर बांधून राहिलेल्या ऑर्थर मॅलेटविषयी मात्र मनात वेगळाच भाव येतो. त्याची पत्नी आणि तान्ही मुलगी बाणकोटच्या खाडीत होडी उलटून बुडाल्या, आणि त्यांचे स्मारक बाणकोटास आहे, असे सांगतात. मढीमहालाच्या कठड्याशी उभे राहिल्यावर डाव्या हातास जी खोल दरी दिसते, तीतून सावित्री खाली उतरते. ती महाडावरून पश्चिमेस वाहत जाते आणि बाणकोटापाशी समुद्रास मिळते.