पॉम्पेईची लक्ष्मी

नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात जेमतेम वीतभर उंचीची एक हस्तिदंती बाई उभी आहे. अंगावर वस्त्र नाही, पण दागिन्यांनी मढलेली. मनगटापासून वर बांगड्यांची चळत, कमरेला मेखला, पोटऱ्या झाकून टाकतील असे वाळे. दोन अंगांना दोन चिमुकल्या दासी, हातांत शृंगाराचं साहित्य घेऊन उभ्या.

अमेदेओ मायुरी यांच्या उत्खननात १९३८ साली ती पॉम्पेईत सापडली. ज्या घरात मिळाली ते ‘व्हिया देल अबोन्दान्झा’ म्हणजे समृद्धीच्या रस्त्यावरचं. रस्त्याचं हे नाव अलीकडचं, आणि बाईला मिळालेलं ‘लक्ष्मी’ हे नावही तसंच. गजलक्ष्मीचे हत्ती तिच्याजवळ नाहीत. तिला यक्षी मानणारे अभ्यासक आहेत, आणि मला त्यांचं म्हणणं पटतं. शिवाय तिच्या डोक्यातून खाली एक भोक पाडलेलं आहे. म्हणजे ती सुटी मूर्ती नव्हे. आरशाची मूठ असेल, नाहीतर एखाद्या छोट्या मेजाचा पाय.

इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाव गेलं, त्याआधी ती तिथे पोचली होती. रोमन लेखक थोरला प्लिनी त्याच काळातला. हिंदुस्थान दरवर्षी साम्राज्याचे किमान पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो, ही त्याची तक्रार प्रसिद्ध आहे. त्याच उद्रेकात लोकांच्या मदतीला जहाजं घेऊन गेलेला प्लिनी स्टाबियेच्या किनाऱ्यावर मेला. ज्या व्यापारावर तो चिडला होता, त्यातला एक जिन्नस काही मैलांवर, त्याच राखेत गाडला गेला.

ती निघाली कुठून? तिच्यासारख्याच हस्तिदंती बायका आपल्याकडे तेरला आणि जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला मिळाल्या आहेत. तेर म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर ते सांगितलं आहे. तिथला माल गाड्यांत भरून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोच बंदराला जाई. ही बाईसुद्धा त्याच वाटेनं गेली असेल, असं म्हणायचा मोह मला दरवेळी होतो.

पण तिच्या बैठकीवर एक अक्षर कोरलेलं आहे, आणि ते खरोष्ठीतलं आहे. खरोष्ठी ही गांधाराची, वायव्येची लिपी. तेरच्या बाजूला, सातवाहनांच्या मुलखात, चाले ती ब्राह्मी. अफगाणिस्तानात बेग्रामला हस्तिदंती कोरीवकामाचा मोठा साठा मिळाला, तोही तिकडचाच. मग हे अक्षर घडवणाऱ्याचं, की वाटेत तिला कुठल्या मेजाला जोडणाऱ्या सुताराची खूण? तेरच्या माणसाला हे अक्षर अडचणीचं वाटेल. मला ते फार मोलाचं वाटतं, कारण सगळ्या प्रवासात तिला हाताळणाऱ्या कुणीतरी मुद्दाम मागे ठेवलेली तेवढीच एक खूण आहे.

ते भोक मात्र कोरणाऱ्यानंच पाडलं असेल, तर चेहरा, बांगड्या, दासी सगळं मनासारखं उतरल्यावर त्यानं तिच्या डोक्यावर सामता टेकवला असेल. दात तडकला असता, तर सगळे दिवस वाया.