तळावलीची सांताना इगर्ज: बांधणारे हात कोणाचे?

गोव्यातल्या इगर्जी पोर्तुगिजांनी बांधल्या, असे आपण सहज बोलून जातो. माझ्यासारख्या हिंदू गोमंतकीयाच्या मनात या वाक्याला आणखी एक शेपूट असते: "आमची देवळे पाडून." हे शेपूट खोटे नाही. तिसवाडीतली देवळे १५४०च्या सुमारास पाडली गेली, साष्टीतली १५६७च्या सुमारास. कितीतरी घराण्यांचे कुलदेव रातोरात नदीपलीकडे न्यावे लागले आणि अंत्रुजात त्यांची नवी देवळे उभी राहिली. हा इतिहास विसरा असे मी कोणाला सांगणार नाही. पण वाक्याचा पहिला भाग, म्हणजे "पोर्तुगिजांनी बांधल्या" हा, एकदा तपासून पाहायला हवा. आणि त्यासाठी पिलारपासून जवळच असलेल्या तळावलीच्या सांताना इगर्जीसारखी दुसरी जागा नाही.

सांताना म्हणजे सेंट अ‍ॅन, मेरीची आई, येशूची आजी. आज दिसते ती वास्तू १६८१ ते १६९५ या काळात उभी राहिली. काम सुरू केले फ्रांसिश्कु दु रेगु या धर्मगुरूने. १६८९ नंतर ते अंतोनियु फ्रांसिश्कु द कुन्य या धर्मगुरूने पुरे केले. रेगु हा लिस्बनहून आलेला नव्हता, तो इथलाच गोमंतकीय पाद्री होता. त्याच तळावलीत १६६४ साली जन्मलेल्या अंतोनियु जुआंव द फ्रियास या दुसऱ्या गोमंतकीय पाद्रीकडे दिवाडीच्या पिएदाद इगर्जीच्या आराखड्याचे श्रेय दिले जाते. म्हणजे सतराव्या शतकाच्या अखेरीस या एवढ्याशा परिसरात इमारत कशी असावी याचा स्वतःच्या डोक्याने विचार करणारी माणसे होती, आणि ती आपल्याच मातीतली होती. पैसाही सगळा राजाच्या तिजोरीतून येत नसे. गोव्यातल्या बहुतेक गावच्या इगर्जींचा भार गांवकारीने, म्हणजे शेतांच्या आणि बांधांच्या उत्पन्नाने उचललेला आहे.

आता इगर्जीसमोर उभे राहून पाहू. दर्शनी भाग पाच मजल्यांचा. दोन बाजूंना दोन चौकोनी मनोरे, मध्ये उंच गेलेला माथा, प्रत्येक मजल्यावर खिडक्या आणि कोनाडे, आणि मजला संपला की भिंतीतून बाहेर आलेली आडवी कांगणी. जुन्या गोव्यातल्या सेंट ऑगस्टीनच्या इगर्जीचा दर्शनी भाग याच घडणीचा होता. धार्मिक संघांना १८३५मध्ये गोव्यातून घालवून दिल्यावर ती इगर्ज ओस पडली, १८४२ साली तिचे छत कोसळले, १९३१ साली दर्शनी भाग आणि अर्धा मनोरा पडला. आज तिथे सेहेचाळीस मीटर उंचीचा एकटा मनोरा उरला आहे. तो पुरा असताना कसा दिसत असेल याची कल्पना करायची असेल, तर तळावलीला यावे. नमुना राजधानीत मोडून पडला आणि गावात मात्र त्याचा वारसा उभा राहिला, अशी ही गोष्ट आहे.

आत गेल्यावर मान आपोआप वर जाते. गोव्यातल्या बऱ्याच गावच्या इगर्जींत मधल्या दालनावर लाकडी वासे आणि कौले असतात, पक्के कमानदार छत फक्त आल्ताराच्या वर. सांतानेत मधल्या दालनावरसुद्धा उलट्या होडीसारखे अर्धगोल दगडी छत आहे. असे छत नुसते खाली भार टाकत नाही, भिंतींना दोन्ही बाजूंना बाहेर ढकलते. तो रेटा सोसायला भिंती जाड लागतात. इथल्या त्या जाड भिंती पोकळ आहेत, त्यांच्या आतून माणूस चालत जाऊ शकतो. लोक याच वाटेने येऊन पाद्रीपुढे कबुली देत, असे सांगतात. जांभ्याचे चिरे आणि चुना एवढ्या सामानात हे सगळे उभे केले आहे. जांभा म्हणजे काही संगमरवर नव्हे. त्यात भोके असतात, बारीक नक्षी टिकत नाही. म्हणून गवंड्यांनी नक्षी दगडात न कोरता चुन्याच्या गिलाव्यात काढली. शिंपल्याचे पंख, पाने, फुले, वळणे, सगळे चुन्याचे.

लाकडाची गोष्ट याहून बोलकी. आल्तारामागचा सोन्याचा वर्ख दिलेला मखर, पुल्पिट, पाद्रीची आसने, संतांच्या मूर्ती हे गोव्यातल्या इगर्जींचे सामान येथल्याच सुतारांनी घडवले. १५६७ साली गोव्यात भरलेल्या धर्मपरिषदेने ख्रिस्ती पूजेच्या मूर्ती आणि वस्तू अख्रिस्ती कारागिरांकडून करून घेऊ नयेत असा ठराव केला. जे घडतच नाही त्याला कोणी बंदी घालत नाही. म्हणजे हिंदू मेस्त आणि शेट तेव्हा हे काम करत होते. गोव्यातल्या पुल्पिटांच्या खाली कमरेपर्यंत माणूस आणि पुढे शेपटी अशा आकृती दिसतात. युरोपातला माणूस त्यांना सागरकन्या म्हणेल. ज्याच्या घरी नागपंचमी होती, त्या मेस्ताच्या हाताला नागकन्या ओळखीची असणार, असे मला वाटते.

देवाणघेवाण एकाच दिशेने झाली असेही नाही. शाहू महाराजांचे मंत्री नारोराम यांच्या पुढाकाराने १७३८च्या सुमारास झालेले कवळ्याचे शांतादुर्गेचे देऊळ पाहा, किंवा मंगेशी पाहा. घुमट, गोल कमानीच्या खिडक्या, भिंतीला चिकटलेले अर्धे खांब, सभामंडपातली झुंबरे. मजल्यामजल्यांचे, प्रत्येक मजल्यावर कमानीचे कोनाडे असलेले आपले दीपस्तंभ पाहिले की इगर्जीच्या मनोऱ्याची आठवण येतेच. ज्या देवांना पळून जावे लागले, त्यांच्या नव्या घरांनी पाडणाऱ्यांच्या वास्तूतले हवे ते उचलले. कारण ते उचलणाऱ्या गवंड्यांना ही विद्या परकी नव्हती.

लोकांनी तर हा हिशेब केव्हाच मिटवला आहे. जुलैच्या अखेरीस सांतानेला तवशाचे फेस्त भरते. मूल व्हावे म्हणून जोडपी तिला तवसे वाहतात. बायको हवी असणारा चमचा वाहतो, नवरा हवा असणारी उडीद. पोर्तुगीज भाषेत चमचा आणि बायको यांचे शब्द यमकात जुळतात, काकडी आणि बाळ यांचेही. नवऱ्याच्या पोर्तुगीज शब्दाला मात्र आपला उडीद जुळवला आहे. यमक अर्धे त्यांचे, भाजी आणि कडधान्य आपल्या परसातले. या फेस्ताला हिंदूही जातात. आजीपुढे नातवंडाचे मागणे मागायला धर्म कशाला विचारायचा?

म्हणून काळजी वाटते ती पुढची. जांभा पाणी पितो आणि वाळतो, चुन्याचा गिलावा त्याला श्वास घेऊ देतो. दर पावसाळ्यानंतर चुना काढणे ही हौस नव्हती, ते औषध होते. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझूच्या भिंतींवरचा गिलावा १९५०च्या दशकात पोर्तुगीज वास्तुतज्ज्ञाच्या सांगण्यावरून काढून टाकला. उघडा जांभा पावसात तेव्हापासून झिजतो आहे. गावोगावी आज उलटे होते. चुन्याच्या जागी सिमेंट लावतात, ओल आत कोंडते आणि चिरा आतून भुसभुशीत होतो. खिडक्यांतले शिंपल्यांचे तावदान फुटले की काच बसते, आणि आतला तो दुधाळ उजेड कायमचा जातो. चुना भिजवून मळणारे गवंडी कमी झाले आहेत, शिंपले तासून लाकडी चौकटीत बसवणारे त्याहून कमी.

पोर्तुगाली वास्तू-इतिहासकार पाउलु व्हारेला गोमिश यांनी २०११च्या आपल्या ग्रंथात गोव्यातल्या इगर्जी या गोमंतकीय वास्तू आहेत असेच मांडले. गोमंतकीय विद्वान जुझे परैरा यांनी तर भारतीय बरोक शैलीचा उत्कृष्ट नमुना म्हणून सांतानेचा गौरव केला. आपण मराठी वाचणारे गोमंतकीय मात्र अजून तिला "त्यांची" म्हणतो. पाडलेल्या देवळांचे दुःख खरे आहे, आणि ही वास्तू आपल्या हातांनी उभारली हेही खरे आहे. दोन्ही एकाच इतिहासाची पाने आहेत. एक पान फाडले म्हणून दुसरे वाळवीला घालण्यात शहाणपण नाही.