बालकांमागून चालणारे पुढारी

पुढारी म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे व्यासपीठ येते, हार येतात, मागून चालणारा जमाव येतो. परंतु पुढे कोण चालतो ह्यापेक्षा, कोण कोणाकडे पाहून पाऊल टाकतो, हे पाहणे अधिक बोधप्रद असते. आपले पावणे आणि समुद्रकाठची बोर्डी ही पूर्वी एकाच ठाणे जिल्ह्यातली गावे. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा झाला, तेव्हा बोर्डी तिकडे गेली. त्या बोर्डीने हा धडा दिलेला आहे.

त्याचे मूळ मात्र रोममध्ये. तेथील सान लोरेन्झो ह्या गरिबांच्या वस्तीत १९०७ साली मारिया माँटेसरी ह्यांनी बालगृह उघडले. एके दिवशी शिक्षिका कपाटाला कुलूप लावण्यास विसरली, तेव्हा मुलांनी आपल्या पसंतीची साधने काढून स्वतःच काम आरंभिले. शिक्षिकेला ही चोरी वाटली. माँटेसरीबाईंना मात्र त्यात निवडशक्ती दिसली. पुढे त्यांनी मुलांच्या हाताला लागतील अशी ठेंगणी कपाटे आणविली. येथे धडा मुलांनी दिला आणि विदुषीने तो घेतला.

हा विचार आपल्याकडे रुजविला गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक ह्यांनी. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. १९४५ साली ताराबाईंनी बोर्डीस ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले; अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. बालवाडी तर निघाली, पण दलित वस्तीतली मुले तेथवर येईनात. 'ह्या लोकांना शिक्षणाची गोडीच नाही' असे म्हणून मोकळे होणे सोपे होते. ह्या दोघींनी बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी!

१९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासींमध्ये गेले. तेथे थोरली मुलगी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन फिरे. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणून 'विकासवाडी' घडविली. मुले गुरांमागे रानात जात. म्हणून शाळाही त्यांच्यामागे कुरणात गेली.

मग मोठ्यांनी मुलांच्या लहरीवर नाचावे काय? मुळीच नाही. स्वच्छता, भाषा, गणित ह्यांपैकी कशाचाही आग्रह ह्या बायांनी सोडला नाही. साध्य तेच राहिले, वाट तेवढी मुलांना विचारून ठरली. लहान मूल भिडेखातर कोठे बसत नाही. रुचले नाही तर उठून जाते. मोठी माणसे तोंडदेखली मान डोलावतात, आणि पुढारी फसतो.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हे नाव देशभर गेले. नाव आपण उचलले. रीत उचलली काय? पावण्याभोवती कारखाने आले, गावोगावचे कामकरी आले. 'लोक सभेला येत नाहीत' अशी तक्रार येथेही ऐकू येते. ती करण्यापूर्वी, सभा कोणाच्या अंगणात आणि कोणाच्या सवडीने बोलाविली होती, एवढे प्रत्येक कार्यकर्त्याने स्वतःला विचारावे.